कुत्रा-मांजर घेऊन गाडीने कोकणात: निघण्याआधी, घाटात आणि थांब्यावर

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत, सगळे गेले नसतील.)

मे महिना जवळ आला की आपल्या इनबॉक्समध्ये एकाच प्रकारचे मेसेज सुरू होतात. "ताई, आम्ही दिवेआगरला चाललोय, डॉगीला न्यायचंय, काय काय घेऊ?" "मांजर गाडीत रडत राहते, काय करू?" आणि एकाने तर थेट विचारलं, "गाडीत एसी आहे, मग प्रॉब्लेम काय?"

प्रॉब्लेम आहे. एक नाही, चार-पाच आहेत. पण सगळे सुटणारे आहेत, म्हणून आजचा भाग. माझी ओळख नव्या लोकांसाठी: मी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि घरी एक देशी कुत्रा आहे, भुऱ्या, वजन 15 किलो, आणि एक मांजर, मनी, जिचं वजन करायची कुणाची हिंमत नाही. मी प्राण्यांची डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाच्या बाबतीत मी एवढंच म्हणणार की डॉक्टरला विचारा. बाकी गाडी, रस्ता, उष्णता, बांधणं-सोडणं यावर बोलू.

उदाहरण म्हणून एकच रस्ता धरू: पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा आणि दिवेआगर. चार-साडेचार तास. यात शहरातलं ट्रॅफिक आहे, वळणांचा घाट आहे, दमट उकाडा आहे आणि शेवटी समुद्र आहे. म्हणजे जे काही बिघडू शकतं ते सगळं एकाच रूटवर टेस्ट होतं.

आधी दोन मिनिटं फिजिक्स

बारावीनंतर हे कुठेच उपयोगी पडलं नाही म्हणता ना? इथे पडतं.

गाडी ताशी 60 किलोमीटरने चाललीये आणि समोरून धडक बसली. समजा गाडीसकट आतला प्राणी अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे सूत्र लावा. उत्तर येतं गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 28 पट. म्हणजे माझा 15 किलोचा भुऱ्या त्या क्षणाला सव्वाचारशे किलोच्या जोराने पुढे ढकलला जाणार. आता वेग 80 करा. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे जोर जातो साडेसातशे किलोवर.

आणि हा हिशोब बांधलेल्या कुत्र्याचा आहे. मोकळा कुत्रा गाडीबरोबर थांबतच नाही. तो 60 च्याच वेगाने उडतो आणि पुढच्या सीटवर किंवा काचेवर आपटतो, अर्ध्या मीटरपेक्षा खूप कमी अंतरात थांबतो. पुढच्या सीटवर कोण बसलंय? आई, बाबा, तुम्ही. त्यामुळे "बिचाऱ्याला बांधायचं कशाला" या प्रश्नाचं उत्तर असं की त्याच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये कुत्रा गाडीत नीट बांधलेला किंवा बंदिस्त असावा असा स्वतंत्र नियम आहे, क्रमांक 57. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 आहे. प्राण्याला अनावश्यक त्रास होईल अशा पद्धतीने नेणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? मूळ कायद्यात 10 ते 50 रुपये. टोलपेक्षा कमी. म्हणजे दंडाच्या भीतीने कुणी हे करणार नाहीये, आपलं आपल्यालाच करायचंय.

बांधायचं कुठे आणि कशाने

पट्टा गळ्यात नको, हार्नेस हवा. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलं तर तो सगळा जोर मानेवर येतो. हार्नेस छातीवर आणि खांद्यांवर जोर वाटून घेतो. त्याला एक छोटा पट्टा लावून तो सीटबेल्टच्या बकलमध्ये अडकवायचा. पट्ट्याची लांबी एवढीच, की कुत्रा उठून बसेल, वळून झोपेल, पण दोन पुढच्या सीटच्या मधून डोकं काढून तुमचा गिअर चाटणार नाही.

खरेदी करताना बकल बघा. सकाळी फिरवायला वापरतो ते बरेचसे हार्नेस प्लास्टिकच्या चिमटीवर टिकलेले असतात. ते फिरायला ठीक, धडकेला नाही. जिथे जोर येणार तिथली कडी धातूची हवी, पट्टा रुंद हवा आणि शिलाई दुहेरी हवी. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची संस्था हार्नेस आणि पिंजऱ्यांची क्रॅश टेस्ट घेते. पाकिटावर नुसतं 'क्रॅश टेस्टेड' लिहिलेलं दिसलं तर टेस्ट कुणी केली हे शोधा. आपण रिव्ह्यू वाचून चार्जर घेतो, इथे जीव आहे.

जागा: मागची सीट. पुढे अजिबात नाही, मांडीवर तर नाहीच. पुढची एअरबॅग माणसाच्या छातीच्या हिशोबाने बनवलेली असते, पापणी लवायच्या आत उघडते, आणि मांडीवरचा पग तिच्या आणि तुमच्या मध्ये असतो. मागच्या सीटवर टाकायचं झोळीसारखं कव्हर घ्या. त्याने कुत्रा पाय ठेवायच्या खड्ड्यात पडत नाही आणि केस सीटवर येत नाहीत. पण ते कव्हर म्हणजे सुरक्षा नव्हे, सोय आहे. हार्नेस लागतोच.

एसयूव्हीची मागची जागा, जी केबिनला जोडलेली असते, तिथे पक्का बांधलेला पिंजरा चालतो. फक्त एसीची हवा तिथपर्यंत पोचते का हे आधी स्वतः मागे बसून बघा. सेडानच्या बंद डिकीचा तर विचारही नको.

अजून दोन छोट्या गोष्टी. एक, खिडक्यांचं लॉक बटण दाबून ठेवा. कुत्र्याचा पंजा दारावरच्या बटणावर पडला की काच खाली जाते किंवा वर येते, आणि वर येताना मान मध्ये असू शकते. दोन, खिडकीबाहेर डोकं काढून वारा खाणारा कुत्रा इन्स्टावर छान दिसतो. ताम्हिणीत समोरून वाळूचा डंपर येतो तेव्हा दिसत नाही. खडा डोळ्यात जातो, आणि अरुंद रस्त्यावर डोक्याचं काय होईल ते मी सांगायला नको. काच दोन बोटं उघडी पुरते. वास त्याला तेवढ्यातूनही येतो, नाक त्याचं आहे, आपलं नाही.

मांजर हा वेगळा विषय आहे

कुत्र्याला तुम्ही सोबत असलात की बऱ्यापैकी पुरतं. मांजराला तिची जागा लागते. जागा बदलली की तिच्या दृष्टीने जग बदललं. म्हणून मांजर कायम बंद होणाऱ्या कडक कॅरिअरमध्ये, आणि कॅरिअर सीटबेल्टने बांधलेला. मांडीवर, खांद्यावर, "आमची शांत असते" वगैरे काही नाही. घाबरलेली मांजर अंधारी आणि अरुंद जागा शोधते, आणि गाडीत अशी सर्वात सोयीची जागा ब्रेकच्या पेडलखाली असते. हे वाक्य परत वाचा.

कॅरिअर प्रवासाच्या दिवशी माळ्यावरून काढला तर मांजर सोफ्याखाली गेलीच समजा. तो दोन आठवडे आधी काढून घरात उघडा ठेवा. आत तिची रोजची चादर टाका, खाऊ आतच द्या. मनी तिसऱ्या दिवशी त्यात झोपायला लागली. प्रवासात कॅरिअरवर एक पातळ सुती पंचा टाका, म्हणजे बाहेरची हलणारी दृश्यं दिसत नाहीत. हवेची एक बाजू मात्र उघडी राहू द्या. तळाशी शोषून घेणारं पॅड घाला.

आणि थांब्यावर मांजराला बाहेर काढायचं नाही. चार तास ती शू न करता सहज राहते. हॉटेलच्या पार्किंगमध्ये हातातून निसटलेली मांजर बोलावून परत येत नाही. कॅरिअर उघडायचाच असेल तर गाडीची सगळी दारं-खिडक्या बंद करून, आत बसून.

घाट आणि उलटी

कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो "आपण हलतोय", डोळे सांगतात "सीट तर जागेवर आहे". या भांडणातून मळमळ होते, माणसात तशीच कुत्र्यात. पिल्लांना जास्त होते, बरीच पिल्लं मोठी झाल्यावर सुधारतात. काहींना मात्र गाडीची भीतीच बसलेली असते, कारण आयुष्यात गाडीत बसले ते फक्त इंजेक्शनला जायला.

उलटी अचानक होत नाही, ती आधी सांगते: लाळ गळणं, सतत ओठ चाटणं, जांभया, कुईकुई, अस्वस्थ होऊन जागा बदलणं. यातलं काही दिसलं की पुढच्या सुरक्षित जागी थांबा. वळणावर नाही.

निघण्याच्या तीन-चार तास आधी शेवटचं जेवण द्या. पाणी मात्र बंद करायचं नाही, थोडं थोडं द्यायचं. अगदी लहान पिल्लांना जास्त वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांच्यासाठी डॉक्टरला वेळापत्रक विचारा. गाडीतला तो लिंबाच्या वासाचा परफ्यूम काढून टाका. आपल्यालाच त्याने मळमळतं, त्यांचं तर नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. आणि चालवणाऱ्याला प्रेमाने सांगा की वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. निम्मी उलटी ड्रायव्हरच्या पायात असते.

उलटी थांबवणारी प्राण्यांची औषधं आहेत आणि चांगली आहेत, पण ती वजनावर ठरतात. आपल्या पाकिटातली गोळी अर्धी करून देऊ नका. माणसाचं साधं पॅरासिटॅमॉलसुद्धा मांजराच्या जिवावर उठतं.

ज्याला गाडीची सवयच नाही त्याला थेट दिवेआगर म्हणजे टेस्टिंग न करता प्रॉडक्शनला सोडणं झालं. आठ-दहा दिवस काढा. पहिले दोन दिवस इंजिन बंद, नुसतं आत बसून खाऊ. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. मग सोसायटीला एक चक्कर. मग वीस मिनिटं, आणि शेवटी त्याच्या आवडीच्या मैदानापर्यंत. प्रत्येक पायरीवर तो आरामात बसला तरच पुढची.

उभी गाडी: आजच्या भागातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा

बाकी सगळं विसरलात तरी हे ठेवा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळपायात असतात. तो थंड होतो ते धापा टाकून, म्हणजे जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी वाफ करून. आता बंद गाडीत दोन गोष्टी एकदम होतात. हवा तापते, आणि त्याच्याच श्वासाने दमट होते. दमट हवेत वाफ होत नाही. म्हणजे त्याचा एकुलता एक कूलिंग फॅन फिरत राहतो, पण उष्णता बाहेर पडत नाही. कोकणातली हवा तर आधीच दमट.

2005 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाडीचं तापमान मोजलं होतं. बाहेर 22 ते 35 अंश सेल्सिअस. आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं, आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या 30 मिनिटांत. काच थोडी उघडी ठेवून बघितली, फारसा फरक नाही. आता मे महिन्यातलं माणगाव घ्या, दुपारचे 38 अंश. तोच हिशोब लावला तर अर्ध्या तासात 55 च्या पुढे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2. ते 41 च्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. पग, बुलडॉग, शिह त्झू अशी चपट्या नाकाची मंडळी, म्हातारे, लठ्ठ आणि दाट केसांचे कुत्रे अजून लवकर जातात.

मागच्या उन्हाळ्यात हायवेवरच्या एका मोठ्या थांब्यावर मी हे बघितलं. दुपारचा दीड, गाडीत एक लॅब्रॅडोर, काचा दोन बोटं उघड्या, आणि काचेला आतून लाळेचे ओघळ. मी गाडीचा नंबर घेऊन काउंटरवर गेले, त्यांनी माइकवर पुकारलं. मालक प्लेटसकट धावत आले. चांगला माणूस होता, खरंच. म्हणाला, "पाचच मिनिटं झाली, मिसळ यायची होती." त्याच्या हातात पावभाजी होती. मिसळ संपवून झाली होती आणि त्याला ते कळलंही नव्हतं. पाच मिनिटांचं पंधरा असंच होतं. कुत्रा वाचला, सावलीत पाणी प्यायला. तुम्हाला कुठे असं दिसलं तर हेच करा: नंबर टिपा, काउंटरवर पुकारायला सांगा, मालक सापडला नाही तर 112 ला फोन करा.

"मग एसी चालू ठेवून जातो." नको. पेट्रोल गाडी उभी असताना एसी कमी थंड करतो, काही गाड्यांत इंजिन आपोआप बंद होतं, आणि आत मोकळा कुत्रा दाराचं लॉक दाबून तुम्हालाच बाहेर ठेवू शकतो. टेस्लाने 2019 मध्ये यासाठी 'डॉग मोड' आणला, तापमान धरून ठेवणारा आणि स्क्रीनवर तसं दाखवणारा. म्हणजे बघा, एका कंपनीला यासाठी खास सॉफ्टवेअर लिहावं लागलं. तुमच्या गाडीत ते नसेल तर नुसत्या एसीच्या भरवशावर राहू नका.

उपाय साधा आहे: आळीपाळीने जेवा. एक जण सावलीत कुत्र्याबरोबर, एक आत. एकटे असाल तर पार्सल घ्या.

तरीही ऊन लागलंच तर खुणा अशा: न थांबणारी धाप, दाट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळत चालणं, उलटी. आधी सावली. मग अंगावर, पोटावर, पायांवर साधं गार पाणी ओता आणि वारा घाला. बर्फात बुडवू नका, ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, कारण तो उष्णता आत धरतो. शुद्धीत असेल तर थोडं पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका. थंड करता करताच डॉक्टरकडे निघा, आणि बरा वाटला तरी दाखवा, कारण आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही.

वेळ, थांबे, खाऊ

म्हणूनच उन्हाळ्यात पहाटे पाचला निघा. नऊच्या आत घाट उतरून कोकणात. दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबा, आणि दार उघडण्याच्या आधी पट्टा हातात घ्या. क्रम लक्षात ठेवा: आधी पट्टा, मग दार. डांबरावर चालवण्याआधी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही.

गाडीतल्या आपल्या खाऊकडे लक्ष द्या. चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कांदा-लसूण घातलेलं काहीही आणि झायलिटॉल असलेलं शुगरफ्री च्युइंगगम कुत्र्याला विषारी आहे. घाटात झोप येऊ नये म्हणून आपण नेमकं हेच दरवाजाच्या खणात ठेवतो. बंद डब्यात ठेवा.

पोचल्यावर

होमस्टेवाले काका फोनवर "हो हो, आणा की" म्हणतात. तेवढ्यावर थांबू नका, तीन प्रश्न विचारा. कुत्रा खोलीत चालेल की अंगणात बांधायचा? तुमचा स्वतःचा कुत्रा आहे का? वाडीत कोंबड्या मोकळ्या असतात का? शेवटचा प्रश्न मजेशीर वाटतो, पण शहरातल्या कुत्र्याने पहिल्यांदा कोंबडी बघितल्यावर काय होतं आणि तिचे पैसे कोण देतं, हे आधी ठरलेलं बरं.

किनाऱ्यावर खारं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या-जुलाब होतात. गोडं पाणी सोबत न्या आणि खेळायच्या आधीच पाजा. जाळ्यातून टाकून दिलेले मासे वाळूत पडलेले असतात, त्यापासून लांब. गावातल्या कुत्र्यांची हद्द असते, म्हणून पट्टा सोडू नका. संध्याकाळी वाडीच्या गवतात आणि जांभ्याच्या गडग्याजवळ नाक खुपसू देऊ नका, कोकणात फुरशी आहेत. परत आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मध्ये आणि काखेत गोचीड शोधा. पावसाळ्यात जाणार असाल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, आणि तो माणसालाही होतो. रेबीज आणि लेप्टो, दोन्ही लसी वेळेत झाल्यात का हे निघायच्या दोन-तीन आठवडे आधी बघा, आदल्या रात्री नाही.

पिशवीत काय

- लसीकरणाचं पुस्तक, आणि त्याचे फोटो मोबाइलमध्ये
- गळ्यात नाव आणि तुमचा मोबाइल नंबर असलेला बिल्ला
- आजचा ताजा फोटो, हरवला तर दाखवायला
- पाच लिटर पाणी आणि पसरट वाटी
- नेहमीचंच खाणं, एक दिवस जास्तीचं
- दोन जुने टॉवेल, कचऱ्याच्या पिशव्या, ओले वाइप्स
- जास्तीचा पट्टा
- चालू असलेली औषधं
- वाटेतल्या आणि पोचायच्या ठिकाणच्या प्राण्यांच्या डॉक्टरांचे नंबर, ऑफलाइन सेव्ह केलेले, कारण ताम्हिणीत रेंज जाते

आणि शेवटचा प्रश्न: न्यायचंच का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारते. मनी आमच्याबरोबर कोकणात येत नाही. तिला कॅरिअरची सवय आहे ती डॉक्टरकडे जाण्यासाठी आणि कधी घर बदलावं लागलं तर. दोन दिवसांच्या ट्रिपसाठी तिच्या घरात राहणं आणि शेजारच्या काकूंनी दोन वेळा येऊन जाणं हेच तिला आवडतं. भुऱ्या येतो, कारण त्याला आवडतं. पण भर मे महिन्यात दिवसभर किल्ले बघायचे असतील तर तोही पुण्यातच राहतो. कुत्रा सोबत असेल तर ट्रिप त्याच्या वेळेने चालते: पहाटे आणि संध्याकाळी फिरायचं, दुपारी सावलीत लोळायचं. हे जमणार असेल तर जरूर न्या. नसेल तर त्याला घरी ठेवण्यात कमी प्रेम नाहीये.

पुढच्या भागात रेल्वेने प्राणी कसे न्यायचे ते बघू, बरेच प्रश्न आलेत. हा भाग त्या मित्राला पाठवा जो या शनिवारी निघतोय. भेटू!